राखण

"काका, पेटी ठेवून जा की. खाणार आहे का मी ती?" छत्रीवाला हसत म्हणाला.

खाणार नाहीस, पण गिळणार नाहीस कशावरून, असं खिळेकाकांच्या मनात आलं. मुतारीला जाताना शेजाऱ्याला "जरा बघ हं" म्हणायचं आणि निर्धास्त जायचं, ही त्या फुटपाथची रीत. चपला शिवणाऱ्या खिळेकाकांनी छत्रीवाला शेजारी आल्यापासून ती मोडली होती. माणूस उगाच हसतो, फुकट चहा पाजतो, म्हणजे नक्की जागेवर डोळा आहे. झाडाची सावली, समोर बसथांबा; कुणाला नको असेल? म्हणून काका लोखंडी ठोकळ्यासकट अख्खी पेटी उचलून मुतारीपर्यंत न्यायचे. मुतारीवाला म्हणायचा, "काका, तुमचे पैसे मिळाले. पेटीचं काय?"

आज मात्र कंबर धरली होती. पेटी उचलायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. बराच वेळ कळ काढली, मग इलाजच उरला नाही.

"जरा बघ हं," ते कसेबसे म्हणाले आणि पावलोपावली मागे बघत गेले.

परत आले, तर फेरीवाल्यांचा माल उचलणारी पालिकेची गाडी कोपऱ्यावरून वळत होती. फुटपाथ साफ. पेटी गेली म्हणजे या वयात हातच तुटले. मेल्यानं डाव साधला! तेवढ्यात समोरच्या दुकानाच्या पायरीवर छत्रीवाला दिसला, पेटी उराशी धरून धापा टाकत बसलेला. त्याची स्वतःची एक छत्रीसुद्धा उरली नव्हती.

काकांनी पेटी घेतली आणि आधी झाकण उघडलं. हातोडी, आरी, ठोकळा, सगळं जागच्या जागी.

"बघा, नीट बघून घ्या," छत्रीवाला म्हणाला.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं का नाही उचललंस रे?"

"दोन्ही कसं उचलू? तुम्ही सांगून गेला होतात ना. आणि भरलंय काय हो यात? माझीपण कंबर गेली." तो उठला. "आता मी जाऊन येतो. सकाळपासून थांबलोय."

"मग सांगायचं नाही का?"

"खरं सांगू? वाटायचं, मी उठलो की तुम्ही जागा घ्याल."

तो कंबर धरून गेला. काका पेटी घेऊन आपल्या जागी येऊन बसले. शेजारी राखण्यासारखं काहीच नव्हतं. एक बाई टोपली घेऊन आली आणि त्या मोकळ्या जागेत टेकू लागली.

"तिथं नको बाई," काका म्हणाले. "तिथं माणूस बसतो."