उदाहरण: स्त्री, वय एकोणीस

कोशमंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर तरुणांच्या शब्दांवर काम करायला जे चौघे बसायचे, त्यांच्यातले सगळ्यात तरुण अर्थातराव. वय चौपन्न. बाकीचे तिघे आपापल्या नोकऱ्यांतून निवृत्त होऊन इथे आले होते आणि इथून निवृत्त व्हायचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. अर्थातराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तोंड उघडलं की पहिला शब्द 'अर्थात', म्हणून ऑफिसच्या शिपायाने ते ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे बायकोही त्याच नावाने हाक मारायला लागली, तेव्हा त्यांनी तक्रार करणं सोडून दिलं.

मंडळाने ठरवलं होतं की थोरल्या कोशाला एक पुरवणी जोडायची: आजची तरुण मुलं जे बोलतात त्याची. विचार उत्तम होता. अडचण एवढीच, की मंडळात कुणाची तरुण मुलांशी ओळख नव्हती. अध्यक्षांनी परगावच्या नातवाला फोन लावून "तुमच्या पिढीचे शब्द सांग बघू" असं फर्मावलं, तर तो "आजोबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. अध्यक्षांनी 'मीटिंग' लिहून घेतला. दुसऱ्या सदस्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. त्या वही घेऊन कॉलेजसमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसल्या. दहा मिनिटांत स्टॉप रिकामा झाला. बाईंचा चेहराच तसा, त्याला त्या तरी काय करणार? तिसऱ्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे बोलीभाषेबद्दलची त्यांची मतं अगदी ठाम होती.

मंडळाचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. शब्दाखाली वापराचं जे उदाहरण द्यायचं, ते कुणीतरी खरोखर बोललेलं, आपल्या कानांनी ऐकलेलं आणि एक अक्षरही न बदललेलं हवं. कार्डावर शब्द, वाक्य, तारीख, बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष आणि तिचं वय लिहायचं. मनाने रचलेलं वाक्य अजिबात खपत नसे. फार पूर्वी एका संपादकाने 'छत्री'साठी घरी बसून वाक्य रचलं आणि त्यात धो धो पाऊस पाडला. कार्डावरच्या तारखेला कडक ऊन होतं, असं कुणीतरी वर्तमानपत्र काढून दाखवलं, आणि बिचाऱ्याला राजीनामा द्यावा लागला. मंडळात ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे.

अर्थातरावांचं नशीब जोरावर होतं. त्यांच्या घरातच एकोणीस वर्षांची, खणखणीत आवाजाची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली लेक होती. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून तिला खारू म्हणत, ते तसंच राहिलं होतं. बारा वर्षांची झाल्यापासून बापलेकीचं बोलणं "अभ्यास झाला का?" आणि "हो" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. पुरवणीचं ऐकल्यावर मात्र खारूला भलताच उत्साह आला. रोज जेवताना ती बापाला एखादा शब्द आणून द्यायची.

"बाबा, तुला 'जाळ' माहितीये?"

"अर्थात. चुलीतला."

"अरे नाही रे! जाळ म्हणजे एकदम भारी. आज माझ्या मैत्रिणीचं भाषण जाळ झालं."

"आणि जे खरंच जळून जातं, त्याला काय म्हणता?"

"ते गंडलं!"

खारू खो खो हसायची, अर्थातराव ताट बाजूला सारून कार्ड लिहायचे आणि आई म्हणायची, "आधी जेवा, शब्द कुठे पळून जात नाहीत." खरं सांगायचं तर अर्थातराव त्या दिवसांत फार सुखात होते. कोश वगैरे ठीकच, पण लेक आपण होऊन समोर येऊन बसत होती, याचं त्यांना मनातून कोण अप्रूप वाटत होतं. हे मात्र त्यांनी कुठल्याही कार्डावर लिहिलं नाही.

साठ कार्डं झाल्यावर त्यांनी ती ऐटीत बैठकीत मांडली. पहिलाच शब्द निघाला 'वाढीव'.

"वाढीव म्हणजे ज्यादा," अध्यक्ष म्हणाले. "त्यात काय नवीन?"

"अर्थात, मुलं तो कौतुकानेही म्हणतात आणि नावं ठेवायलाही."

"एकाच शब्दाने दोन्ही? मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?"

"आवाजावरून."

"आता आवाज कुठे छापायचा?" अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

खरा घाव बाईंनी घातला. सगळी कार्डं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही वाक्यं लिहून घेण्यासाठी बोललेली आहेत. यात कुणी कुणाला काही म्हणतच नाहीये. भांडण नाही, लाडीगोडी नाही, काही नाही. शाळेत आम्ही फळ्यावर लिहायचो तशी वाक्यं आहेत ही." ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनीही मान डोलावली. साठच्या साठ कार्डं बाद झाली. उठता उठता अध्यक्ष म्हणाले, "मी या वर्षाअखेर थांबतोय. पुरवणी ज्याच्या हातून पुरी होईल, त्याने ही खुर्ची घ्यावी." अर्थातरावांनी खुर्चीकडे एकदा पाहिलं. तिच्या पाठीला मखमल होती.

त्या दिवसापासून घरात एक चमत्कार घडला. अर्थातराव भाजी निवडायला लागले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण या गृहस्थाने मेथीची काडी कधी मोडली नव्हती. आता संध्याकाळी ऑफिसातून आले की ते थेट स्वयंपाकघरात, गॅलरीच्या दाराला टेकून स्टूल टाकायचे. दाराबाहेर वॉशिंग मशीनच्या शेजारी उभी राहून खारू रोज अर्धा-पाऊण तास मैत्रिणीशी फोनवर बोलायची. दार पुरतं लागत नसे. ताटलीखाली कार्डांची चळत, हातात पालक, आणि कान बाहेर. बायकोला आधी बरं वाटलं. मग भाजीत देठंच जास्त येतात हे तिच्या लक्षात आलं, पण करतोय माणूस तर करू दे, असं म्हणून ती गप्प राहिली.

आणि काय सांगावं, शब्द धो धो यायला लागले. जेवणाच्या ताटावर मिळणारे शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखे असायचे. हे जिवंत होते. अर्थातराव जुड्यांमागून जुड्या निवडत होते. चोरून ऐकणं बरं नव्हे, असं एकदा त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण आपण खारूला कुठे ऐकतोय, आपण भाषा ऐकतोय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि ती त्यांना लगेच पटली. स्वतःचं म्हणणं त्यांना नेहमीच लगेच पटायचं.

एका संध्याकाळी खारूचा आवाज बारीक झाला होता. मध्येच ती थांबत होती, नाक ओढत होती. अर्थातराव स्टुलावर पुढे सरकले आणि त्यांनी कार्डावर भराभर लिहिलं:

"अगं, तो सगळ्यांसमोर म्हणाला, ही लोड आहे यार, हिला कुणीतरी सांभाळा. आणि मी हसले गं. काय करू, हसलेच."

अर्थातराव हरखून गेले. लोड घेणे म्हणजे काळजी करणे, हे त्यांच्याकडे होतं. पण आता लोड ही व्यक्तीच! नकोशी झालेली, गळ्यात पडलेली व्यक्ती! क्रियापदाशेजारचा शब्द उठून माणसाच्या अंगावर जाऊन बसला होता, आणि तो तिथे बसताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात बायको आत आली. "खारू रडतेय का हो?"

"अर्थात. पण तू ऐक, लोड हा शब्द आता माणसाला लावतात!" अर्थातराव कुजबुजले.

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" असं म्हणून बायको गॅलरीत गेली. खारूने डोळे पुसून "काही नाही गं, सर्दी झालीये" म्हटलं. अर्थातरावांनी कार्डावर तारीख घातली.

पुरवणी सहा महिन्यांनी निघाली. तिच्यातली पाऊण उदाहरणं 'स्त्री, १९' होती. एका वर्तमानपत्राने चौकटीत निवडक शब्द छापले, प्रती सगळ्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत गेल्या, आणि अर्थातराव मखमलीच्या खुर्चीवर बसले. समारंभात बाईंनी भाषण केलं. "या वाक्यांत जीव आहे," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. अर्थातरावांनी मान खाली घालून त्या स्वीकारल्या.

एक प्रत छानशा कागदात बांधून ते खारूला द्यायला घरी आले. पण खारूकडे आधीच एक होती, ग्रंथालयाच्या शिक्क्याची. तिने ती टेबलावर उघडी ठेवली.

"बाबा, हे वाक्य कुणाचं आहे?"

"अर्थात, नाव कुठेही दिलेलं नाही."

"सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं. आज कॅन्टीनमध्ये त्याने खुर्चीवर उभं राहून वाचून दाखवलं. 'मी हसले गं'सुद्धा. माझ्या आवाजाची नक्कल करून."

अशा वेळी बापाने काय बोलावं ते कुठल्याही बापाला समजलं असतं. अर्थातराव म्हणाले, "एक अक्षर बदललेलं नाही."

"बदलायचं होतंस ना, बाबा!"

त्यांना छत्रीवाला संपादक आठवला.

"तू रोज दाराआड बसायचास," खारू म्हणाली. "मला माहीत होतं तू तिथे असतोस. मला वाटायचं, बाबाला दिसतंय माझं काहीतरी बिनसलंय, पण विचारायला त्याला जमत नाही, म्हणून तो मुद्दाम तिथे येऊन बसतो. भाजी कुठे येते त्याला निवडता? मला किती बरं वाटायचं, माहितीये? मी मैत्रिणीला सांगायचे, बाबा आहे आत." तिचा आवाज चिरकला. "तू ना, पार सपाट आहेस!"

सपाट! हा अर्थ त्यांच्याकडे नव्हता. अर्थातरावांना तसं करायचं नव्हतं, देवाशप्पथ करायचं नव्हतं, पण तेवीस वर्षांची सवय: त्यांचा हात शर्टाच्या खिशातल्या कोऱ्या कार्डाकडे गेला.

खारूने तो हात पाहिला. पुस्तक उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती बापाशी नीट बोलायला लागली. नीट म्हणजे अगदी नीट. "बाबा, जेवण तयार आहे. आपण येता का?" "मी सहा वाजेपर्यंत परत येईन." "हो, अभ्यास व्यवस्थित चालू आहे." कुठे रुसवा नाही, टोमणा नाही. बाईंनी ऐकलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. शेजारणीने एकदा आईला म्हटलंही, "तुमची लेक किती सुसंस्कृत झाली हो!" आईशी, फोनवर, मैत्रिणींशी खारू पूर्वीसारखीच बोलायची. फक्त फोनवर बोलायला आता ती चार मजले उतरून रस्त्यावर जायची.

इकडे पुरवणीतले शब्द छापून येताच माना टाकायला लागले होते. जे कोशात गेलं ते मुलांनी टाकून दिलं. 'जाळ' आता बाई म्हणत. शिपायाच्या नव्या चपलांना त्यांनी 'वाढीव' म्हटलं, तेव्हा शिपाई तिसऱ्या मजल्यावर यायचाच बंद झाला. मंडळाने ठराव केला की पुरवणीची दुसरी आवृत्ती तातडीने काढावी, आणि सगळ्यांनी आशेने अर्थातरावांकडे पाहिलं.

आधी जुनी पानं तपासायची होती. मखमलीच्या खुर्चीवर बसून अर्थातराव एकेक शब्द बघत 'लोड'पाशी आले. अर्थ बरोबर होता. मग छपाईच्या चुका बघाव्यात म्हणून त्यांनी उदाहरण सावकाश वाचलं. सगळ्यांसमोर म्हणाला. मी हसले गं. काय करू, हसलेच. त्यांनी ते पुन्हा वाचलं. एका मुलीला भर घोळक्यात कुणीतरी ओझं म्हटलं होतं आणि रडायला नको म्हणून ती हसली होती. ही मुलगी दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर उभी होती, आणि ती त्यांची मुलगी होती. अर्थातरावांनी पेन खाली ठेवलं. ते उठले आणि दुपारीच घरी गेले.

खारू खिडकीशी वाचत बसली होती. अर्थातराव चप्पल न काढताच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"खारू," ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांच्या वाक्याआधी 'अर्थात' आला नाही. "कोण होता गं तो? काय झालं होतं त्या दिवशी?"

खारूने पुस्तक मिटलं. क्षणभर ती काहीतरी बोलणार असं वाटलं, तिचे ओठही हलले. मग तिने आवाज सारखा केला.

"ते केव्हाच संपलं, बाबा. आता मी ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका."

ती उठून आत गेली आणि तिने दार हळूच लावून घेतलं. वाक्य स्वच्छ होतं. त्यातला एकेक शब्द थोरल्या कोशात होता, अर्थासकट आणि उदाहरणासकट. आणि आपली लेक खरंच ठीक आहे की नाही, एवढं एकच अर्थातरावांना त्यावरून काही केल्या कळेना.