भिंतीवरची नावं

सालकिनचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि त्यात चुलीचा काही दोष नव्हता.

तोकमोक शहरातल्या त्या गल्लीत तीस वर्षं तिच्या हातचे बोरसोक खपत होते. कणकेचे चौकोन तेलात सोडायचे, टम्म फुगले की काढायचे. नाव झालं ते तोंडोतोंडी. पण बहिणीचा मुलगा आदिलेत राजधानीतून आला आणि त्याला मावशीचं हे बघवेना. "तायेजे, फोनवर तुझ्याबद्दल चांगलं बोलणारं एक माणूस नाही. आजकाल नाव तिथं लागतं. माझ्यावर सोड." तिनं सोडलं. तिथंच चुकलं.

आठवड्याभरात, त्यानं फोनवर उघडलेल्या तिच्या पानावर, अठ्ठावीस जणांचं कौतुक झळकलं. प्रत्येकाचे पाच-पाच तारे. सालकिन हरखली, दोन दिवस गल्लीतून मान वर करून चालली. आज गुरुवारी तिनं चष्मा लावून ती नावं वाचली आणि हातातला झारा आपटला.

"ही नावं कुठून आणलीस?"

"चुलीवरच्या भिंतीवरून. कागद लावलायस ना, नेहमीच्या गिऱ्हाइकांचा? खोटी नावं लोक लगेच ओळखतात, म्हटलं खरीच घालू."

"गिऱ्हाइकं? अरे गाढवा, मेलेली माणसं आहेत ती! दर गुरुवारी तेल तापवून ज्यांना वास पोचवते, त्यांची नावं! तुझा आजोबा आहे त्यात!"

आदिलेतचा चेहरा पांढरा पडला. "आई पण तेल तापवते, पण नावं कुठं लिहिते ती? आणि आजोबांना घरात सगळे तायाताच म्हणायचे. नाव कोण घेतंय त्यांचं?"

"बापाकडच्या सात पिढ्या घडाघडा म्हणतोस. आईच्या बापाचं एक नाव ठाऊक नाही. काय लिहिलंय त्यांनी? वाच, मोठ्यानं वाच!"

"'गरमागरम माल. घरपोच सेवा... उत्तम.'"

एरवी सालकिन पोट धरून हसली असती. आत्ता तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. तीस वर्षांत तिनं एकाही बोरसोकाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं, आणि या शहाण्यानं तिच्या चांगल्या नावासाठी थेट कबरीतून साक्षीदार उठवून आणले होते.

"पुसून टाकतो सगळं. मिनिटाचं काम आहे." त्याचा अंगठा भराभर चालला आणि शेवटच्या नावाशी अडला.

आयझिरेक. समोरच्या बुरुलची मुलगी, एकोणीस वर्षांची, हिवाळ्यात गेली. बुरुलनं स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं ते नाव कागदावर लिहिलं होतं. त्या नावानं आदिलेतनं लिहिलं होतं, 'खूप आवडलं. पुन्हा नक्की येईन.'

खाली आज पहाटेचं एक उत्तर होतं. बुरुलचं.

'कधी येशील, बाळा?'

कढईतले बोरसोक करपले.

"पुसतो हे पण," आदिलेत पुटपुटला.

"खबरदार."

"तायेजे, गल्लीभर होईल. तुझं नाव..."

"माझं नाव गेलं चुलीत!" सालकिननं त्याच्या हातातून फोन हिसकावला. "तिनं विचारलंय ना? मग उत्तर दे. फोनवर नाही. ऊठ, जा समोर, आणि त्या बाईच्या डोळ्यांत बघून सांग, तिची मुलगी कधी येणार आहे ते."

समोरचं दार सकाळपासून सताड उघडं होतं.