उजवा गाल

प्रयोगशाळेतल्या सोदामने म्हाताऱ्या को दलसू यांची हनुवटी त्वचेचे फोटो काढणाऱ्या यंत्राच्या टेकूवर नीट बसवली आणि दिवा लावला. तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. पडद्यावरचे चित्र पुसट झाले.

"थांबू या जरा, काका."

"थांब की. मी कुठं पळून चाललोय?"

को दलसू यांनी एकतीस वर्षे सोल शहराचे रस्ते झाडले होते. धुराने आणि धुळीने गालांवर काळे डाग पडले होते, म्हणूनच प्रयोगशाळेने त्यांना मलमाच्या चाचणीसाठी निवडले. बारा आठवडे उजव्या गालाला गामते नावाच्या समुद्री शेवाळाच्या अर्काचे मलम, डाव्याला साधे. दर पंधरा दिवसांनी सोदाम दोन्ही गाल पुसून, बोटांनी चाचपून डाग मोजायची. आजची खेप शेवटची.

"आमच्या जेजू बेटावर हे गामते लाटांबरोबर किनाऱ्याला लागायचं," ते म्हणाले. "आई ते शेतात खत म्हणून टाकायची. आता माझ्या थोबाडावर!"

"पीक बरं आलंय मग."

उजव्या गालाचे डाग निम्म्याने फिकटले होते. चाचणीतल्या वीस जणांत इतका फरक कुणाचाच नव्हता.

"म्हणजे अर्धा नवरदेव झालो म्हण!"

हसता हसता पुन्हा उबळ आली. रुमाल काढताना खिशातून औषधांची पिशवी पडली. सोदामने ती उचलली, वरचे छापील नाव वाचले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गोळ्या होत्या.

"केव्हापासून?"

"हिवाळ्यात कळलं."

"फॉर्मवर तर 'आजार नाही' लिहिलंत."

"खरं लिहिलं असतं, तर चाचणीत घेतलं असतंस?"

सोदामने पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली," रुमालाची घडी घालत ते म्हणाले. "इथं कुणीतरी तोंडाला हात लावून विचारतं, दुखतंय का म्हणून."

सोदाम संगणकाकडे वळली. त्यांच्या नावापुढे तिने 'वगळले' असे लिहिले, कारणही लिहिले. मग ओल्या कापसाने त्यांचे दोन्ही गाल पुसले, नेहमीपेक्षा सावकाश.

"बरंय पोरी. संपलं म्हणजे."

त्यांच्या भेटीच्या कार्डावरचे सातही चौकोन भरले होते. सोदामने पेनने खाली आणखी एक चौकोन काढला आणि त्यात तारीख घातली.

"गुरुवारी, दहा वाजता. उशीर नको."

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरले. बोटांवर दिवस मोजले, अर्ध्यावर थांबले.

"बघू," ते म्हणाले.