गाडी जाईपर्यंत

लायल पेपरिल संत्र्यांच्या शेडवरून घरी आला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. फाटकाशी पांढरी मोटार उभी होती आणि पायरीवर फुटबॉल लीगच्या फिओना हॅसल मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या.

"साडेचारला येणार होतात ना?"

"लवकर पोचले. पाचला मुदत संपते, उगाच धोका नको म्हटलं. दार उघडं आहे, पण आत कोणी दिसत नाही."

गेल्या शनिवारच्या सामन्यात मध्यंतरानंतर समोरच्या संघातल्या सतरा नंबरच्या पोराने लायलला त्याच्या कातडीवरून एक शब्द वापरला होता. पंचाने ऐकला नाही. लायल एकतीस वर्षांचा होता. बारा हंगामांत त्याने पाच वेळा तोंडी तक्रार केली होती आणि पाचही वेळा ती हात मिळवून मिटवली गेली होती. या खेपेला त्याने लेखी द्यायचं ठरवलं. जबाब लीगच्या माणसासमोर द्यायचा, सही समोर करायची, आज मंगळवारी पाचच्या आत. झाला तर सतरा नंबरची सुनावणी. नाहीतर येत्या शनिवारी उपांत्य सामन्यात दोघं पुन्हा समोरासमोर.

लायल आत गेला. टेबलावर मुलांना सांभाळणाऱ्या मावशीचा अर्धा कप चहा होता. दोन्ही मुलांचे बूट जागेवर होते. मागचं दार सताड उघडं होतं.

तो परत बाहेर आला. "तुम्ही आल्या आल्या दार वाजवलंत?"

"नाही, आधी गाडीतच बसून एक फोन केला. दहाएक मिनिटं. का हो?"

"काही नाही. आलोच."

घरामागे शंभर पावलांवर नदी होती. ऑगस्ट म्हणजे इकडे ऐन हिवाळा, सूर्य कलायला आलेला. पाणकणसाच्या बेटापाशी पोचल्यावर त्याने हळूच हाक मारली, "मावशी."

बेटाआड पाणी हललं. मग त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला, कोबीला, शिंक आली.

डोरीनमावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. कोबी कडेवर, सहा वर्षांची लेटी हाताला धरलेली. लेटीचे ओठ निळे पडले होते.

"बाबा, बोलायचं नाहीये," लेटी कुजबुजली.

"मावशी, ती फुटबॉलवाली बाई आहे. माझ्या जबाबासाठी आलीय. काल सांगितलं नव्हतं का तुला?"

"सांगितलंस."

"मग?"

"गाडी बघितली. ती बाई आत बसून घराकडे बघत होती, उतरत नव्हती. मला कळतं रे लायल, आता तसं काही नसतं. पण पाय ऐकत नाहीत."

"चल वर. मुलं गारठलीत."

"गाडी गेली की येते."

"पोरांना तरी दे माझ्याकडे."

तिने कोबीला आणखी घट्ट धरलं. लायलने हात पुढे केला नाही. तिच्या हातून मूल ओढून घेणं त्याला जमणार नव्हतं.

तो घराकडे पळत गेला. चार अडतीस. "गाडी जरा लांब नेता? कोपऱ्यापर्यंत?"

फिओनांनी कारण विचारलं नाही. गाडी सुरू झाली, रस्त्याने गेली, वळली. लायल पुन्हा नदीवर आला.

"गेली."

मावशीने मान तिरकी करून कानोसा घेतला. "थांबलीय. गेली नाही."

डोरीन सहा वर्षांची असताना तिची आई तिला याच नदीत लपवायची. त्यांच्यासारख्या मूळनिवासींची मुलं आईबापांकडून उचलून नेणारी सरकारी गाडी तीनदा आली आणि रिकामी गेली. चौथ्या वेळी गाडी वळणावर जाऊन थांबली आणि इंजिन बंद झालं. आईला वाटलं, गेली. ती पोरीला घेऊन वर आली. पुढची अकरा वर्षं डोरीनने आईला पाहिलं नाही.

लायल कोपऱ्यावर गेला. चार सेहेचाळीस.

"किती वेळ लागेल?"

"दहा-बारा मिनिटं तरी. तो शब्द जसाच्या तसा लागेल, कुठे उभे होतात, कोणी ऐकलं, सगळं. भराभर उरकू. इथेच, गाडीत बसून."

"फोनवर नाही चालणार? नाहीतर उद्या?"

"नियम मी केलेला नाही, लायल. सही समोर हवी आणि पाचच्या आत हवी."

त्याने नदीकडे बघितलं. उन्हाचा पट्टा पाण्यावरून सरकून गेला होता.

"तुम्ही निघा."

"तक्रार रद्द होईल."

"ठाऊक आहे. निघा, आणि वाटेत थांबू नका. पूल ओलांडेपर्यंत तरी."

गाडीचा आवाज पुलावर गेला, पलीकडे गेला, विरला. मावशी आणखी दोन मिनिटं उभी राहिली, मग वर आली. लायलने कोबीला जाकिटात घेतलं.

"तुझ्या कागदाचं काय झालं?" तिने विचारलं.

"बघू. आधी पाय शेकून घे."

शनिवारी सामन्याआधी लायल बाकावर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होता. प्रशिक्षक रॉस त्याच्या शेजारी बसला.

"ऐकलं मी. सोडून दिलंस म्हणे. बरं केलंस गड्या, मोठं मन लागतं त्याला. तो सतराचा पोरगा तसा वाईट नाही, जीभ सैल आहे इतकंच. मैदानावर येईल हात मिळवायला. मिळव हां."

"बरं," लायल म्हणाला, आणि दुसरा पाय बाकावर घेतला.