तालीनच्या दिवसांची पिशवी

मित्रांनो, मी हाताने विणलेली एक जुनी कापडी पिशवी आहे. माझ्या पोटात पांगाऱ्याच्या लाल बिया आहेत. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या एका माया खेड्यात तालीनने मला आपल्या मागावर विणले.

तालीन दिवस सांगणारी होती. आमच्याकडे प्रत्येक दिवसाला नाव असते, स्वभाव असतो. पेरणी कधी करावी, घर कधी बांधायला घ्यावे, हे विचारायला लोक यायचे. तालीन चटईवर बिया मांडून दिवसांना एकेक करून हाक मारायची. जाताना लोक मला कपाळाला लावायचे. फार सुखाचा काळ होता तो.

मग तिच्या मुलाचे, वेलचे लग्न ठरले. तालीनने माझ्या बियांवरून सर्वांत चांगला दिवस काढला. त्या सकाळी चुलीवर मक्याचे तामाले शिजत असतानाच बंदूकवाले आले. तेव्हा आमच्या डोंगरात युद्ध चालू होते. त्यांनी घरे पेटवली. वेल लग्नाच्या नव्या सदऱ्यातच मारला गेला. तालीन धाकट्या लेकीला, शेपाला, ओढत रानात पळाली. मी तिच्या कमरपट्ट्यात होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने त्या दिवसाचे नाव घेतले.

"नको ना गं मोजूस!" शेपा किंचाळली.

त्यानंतर शेपा मला हात लावेनाशी झाली, दिवसांची नावेही शिकली नाही.

युद्ध संपले, आम्ही पुन्हा घर बांधले, वर्षे लोटली. २०१२ साली जगभर आवई उठली, की मायांचे पंचांग संपते आहे, डिसेंबरात जग बुडणार. परदेशी पाहुणे आमच्या दारात गर्दी करू लागले. त्यांचा दुभाष्या विचारायचा, "तालीनआजी, खरंच शेवट आहे का हो?"

"अरे, वर्षांचं एक मोठं ओझं खाली ठेवायचं नि दुसरं उचलायचं," तालीन म्हणायची. "त्यात जग कशाला बुडेल?"

एकदा चुलीपाशी बसलेली शेपा तिथूनच म्हणाली, "पोराच्या लग्नाचा दिवस धड काढता आला नाही, आता जगाचा शेवट काढतेय!"

तालीनचा हात बियांवरच थांबला. "दिवस चांगलाच होता गं," ती पुटपुटली. "माणसं वाईट आली."



तो गाजलेला दिवस आला नि गेला. पाहुणे फोटो काढून हसत परतले. पुढच्या पावसाळ्यात तालीन वारली. शिकणारे कुणी नसले की पिशवी मालकिणीसोबत पुरतात. पण शेपाने मला छातीशी घट्ट धरले, कुणाला दिले नाही. दुसऱ्या सकाळी तिने पहिल्यांदाच माझी गाठ सोडली. बिया ओंजळीत घेऊन रिकाम्या चटईकडे बघत ती म्हणाली, "आई, आज कुठला दिवस आहे गं?"

डोंगरापलीकडे दिवस मोजणारे अजून आहेत. पण तिला ते आईकडूनच ऐकायचे होते.

मित्रांनो, जगाचा शेवट कधी, हे विचारत हिंडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर राग धरला असेल, तर तो आजच सोडा. शेपा रोज उजाडताना दारात उभी राहते. आलेल्या दिवसाला हाक मारावी, असे तिला फार वाटते. पण त्याचे नाव तिला येत नाही.