सत्तावीस दाखले

"आबा, तिला उत्तर देऊ नका. ती बाई यंत्रात आहे!"

हे मी चौथ्यांदा सांगत होते, आणि चौथ्यांदाही ते आबांपर्यंत पोचलं नाही, कारण त्यांच्या दोन्ही कानांत ती काळी बोंडं घातलेली होती. गळ्यात मोबाईलएवढं यंत्र, आवाज होता नव्हता तेवढा वाढवलेला, इतका की मला बाहेर ऐकू येत होता. आतली बाई गोड गळ्यानं "आता डावीकडे वळा" म्हणत होती आणि माझा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप भोरच्या घड्याळाच्या मनोऱ्यात, भर जिन्यात उभा राहून तिला ओरडून सांगत होता, "डावीकडं न्हाई वो बाई! डावीकडं समदी कबुतरांची घान! उजवीकडनं चढायचं!"

कानात आवाज असला की माणसाला वाटतं, बाकीचं जगच बहिरं झालंय. मागं अडकलेली चार माणसं खुदुखुदु हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, कबुतरं काढली. रंग दिलाय. वळा गुमान."

"आं?"

"वळा!"

नसरापूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या अर्जांचे दिवस, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी शटर ओढून इथं आले होते. कारण महिनाभर रोज पासलीहून आबांचा फोन. "सगुणे, मनोऱ्यात आता मशीन बोलतंय म्हनं. घड्याळाची समदी हकिकत सांगतंय. आपलं काय सांगतंय त्ये ऐकून येऊ." आज नको, उद्या नको, असं करत करत मी टाळलं. शेवटी सकाळी बघते तर हा माणूस धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, वेल्ह्याच्या एसटीतून उतरून दुकानासमोर उभा. आता काय करता?

आपलं काय सांगतंय, म्हणजे आबांचं. हैबती ढेबे हे पाणीपुरवठ्याकडे पंपचालक होते. नोकरी नदीवरच्या पंपावर. पण सत्याहत्तर सालापासून दोन हजार चारला निवृत्त होईपर्यंत, सत्तावीस वर्षं, मनोऱ्यातल्या या घड्याळाला चावी दिली ती त्यांनी. चावी म्हणजे मनगटावरच्या घड्याळाची नव्हे. चौऱ्याऐंशी पायऱ्या चढायच्या, रहाटासारखं हँडल फिरवायचं आणि दोरावरची ती अगडबंब वजनं वरपर्यंत ओढायची. वजनं आठ दिवसांत हळूहळू खाली येतात, त्यावर घड्याळ चालतं. खाली टेकली की संपलं. म्हणून दर सोमवारी सकाळी आबा वर.

तिसऱ्या नंबरच्या पाटीपाशी आम्ही थांबलो. काचेच्या पेटीत घड्याळाचा लंबक टांगला होता. घड्याळ आता विजेवर चालतं, जुनं सगळं पेटीत. मी यंत्रावरचं तीनचं बटण दाबलं. बाई बोलू लागली, "लंबकाच्या माथ्यावरील पितळी चकत्या पाहा. घड्याळ अचूक चालावे म्हणून इंग्लंडच्या कारागिरांनी त्या मोठ्या कौशल्याने बसवल्या होत्या."

आबा काचेला नाक लावून बघत होते. मग एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"सगुणे, अगं त्यो पंप नंबर दोनचा वॉशर हाय!"

"हळू बोला."

"तीन वॉशर हायेत. उनाळ्यात घड्याळ मागं पडायचं. म्हनून म्या वर वॉशर ठिवला, का जरा पुढं सरकायचं. थंडीत काडून घ्यायचा. ह्यो बग, ह्याच्यावर बोल्टाचा आटा घासलेला दिसतोय. इंग्लंडचे कारागीर! आरं तुमच्या!" पुढचा शब्द त्यांनी बायकामाणसं बघून गिळला.

मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. आणि जरा अभिमानही वाटला. म्हटलं, बाईचं चुकलं तर चुकलं, वॉशर तरी जपून ठेवलेत. पुढं नाव येईलच.

नाव आलं नाही. पाचव्या पाटीपाशी, अगदी वर, तबकडीच्या मागं, ती बाई आवाज जड करून म्हणाली, "एकोणीसशे शहात्तर साली हे घड्याळ बंद पडले. त्यानंतर तब्बल सत्तेचाळीस वर्षे, जीर्णोद्धार होईपर्यंत, या मनोऱ्याने मौन पाळले. भोरकरांच्या दोन पिढ्यांनी त्याचा टोला ऐकलाच नाही."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. बटण परत दाबलं. परत मौन पाळले.

आबांनी कानातली बोंडं हळूच काढली. गळ्यातलं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. ते बघून मला जास्त लागलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, ऐकलाच नाही? माझं लग्न सोमवारी होतं, कामथडीला. सकाळी आबा "चावी दिऊन आलोच" म्हणून भोरला गेले, परतीची एसटी चुकली, आणि आले ते अक्षता पडून पंगत बसल्यावर, बाह्यांना ग्रीस लावून. अंतरपाटाशी चुलत्यानं उभं राहायचं काम केलं. आदल्या दिवशी चावी दिली असती तर काय बिघडलं असतं, हे मी पंचवीस वर्षं विचारतेय. "वार मोडत न्हाई" एवढंच उत्तर. सासरी अजून कुणी ना कुणी टोमणा मारतं. आणि ही यंत्रातली भवानी म्हणते घड्याळ बंद होतं! मग माझ्या अक्षतांना माझा बाप होता कुठं?

मी चौऱ्याऐंशी पायऱ्या ताडताड उतरले. आबा "सगुणे, सावकाश" म्हणत मागून येत होते.

खाली टेबलापाशी शेफाली नावाची बाई बसलेली. छातीवर नावाची पट्टी होती. तिशीची असेल, चेहरा गरीब. पण तेव्हा मला कुणाचा चेहरा बघायचा नव्हता.

"हे कुणी लिहिलंय?" मी यंत्र टेबलावर आपटलं. आपटलं नाही, ठेवलं, पण जोरात.

"काय झालं ताई? आवाज येत नाहीये का?"

"आवाज चांगला येतोय! खोटं येतंय! हे घड्याळ सत्तावीस वर्षं चालू होतं. हे माझे वडील, यांनी चालवलं. बाहेर चौकात जा, चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, टोले पडायचे की नाही!"

"विचारलं होतं ना ताई," ती शांतपणे म्हणाली. "माहिती गोळा करणाऱ्यांनी विचारलं होतं. लोक म्हणाले, वाजायचं. पण लोकांना काय, काहीही आठवतं. कागदावर तसं नाहीये."

"कसला कागद?"

तिनं उठून भिंतीकडे नेलं. "घड्याळाचे मौन" अशी पाटी, आणि खाली काचेआड पिवळे पडलेले कागद ओळीनं लावलेले. मी आयुष्य कागदात काढलंय. लांबूनच कळलं, सगळ्यांचा मजकूर एक आहे, फक्त साल बदललंय. "दाखला देण्यात येतो की, मनोऱ्यातील घड्याळाची समक्ष पाहणी केली असता ते बंद स्थितीत आढळून आले." तारीख मार्चची. खाली पाहणी करणाऱ्याची सही.

सही म्हणजे एकेक अक्षर सुटं, वर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ. है ब ती को ढे बे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी हीच सही असायची.

मी मोजले. सत्तावीस.

"आबा," मी म्हटलं, "हे काय आहे?"

आबा टोपी काढून हातात धरून उभे होते.

"त्ये व्हय," ते म्हणाले. "त्ये लिवावं लागायचं."

"लिवावं लागायचं? घड्याळ चालू असताना बंद आहे म्हणून?"

मग जे काही बाहेर आलं ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. शहात्तरला घड्याळाची पिन तुटली. वर पैशाची मागणी गेली, मंजुरी आली नाही, रजिस्टरला घड्याळ बंद. दुसऱ्या वर्षी आबांनी पंपाच्या जुन्या दांड्यातनं पिन कातून आणली, बसवली, घड्याळ चालू. कचेरीतले तेव्हाचे साहेब खूश झाले आणि घाबरलेही. म्हणाले, हैबती, चालू म्हणून लिहिलं तर वरून विचारतील, कुणाच्या हुकमानं चालू केलं? पंपवाल्यानं संस्थानी घड्याळाला हात लावलाच कसा? तू जाशील, मी जाईन. आणि समजा नाही गेलो, तर घड्याळवाल्याची जागा मंजूर होईल, तिच्यावर बाहेरनं माणूस येईल, तुला काही मिळणार नाही. त्यापेक्षा बंदच राहू दे. कागदावर.

"मंग दरसाल मार्चात कारकून कागूद आनायचा," आबा म्हणाले. "वर टोलं पडायचं आनि म्या खाली बंद म्हनून सही करायचा. येकदा तर टोलं इतकं मोठ्यानं पडलं, कारकुनाला हसू आवरंना."

"हसू आवरंना!" मी जवळजवळ किंचाळले. "अहो, तुमचं सगळं आयुष्य पुसलंत तुम्ही! तेही स्वतःच्या हातानं! मी या बिचारीशी भांडतेय आणि चोर माझ्याच घरातला. आपलेच दात, आपलेच ओठ, आता बोलू कुणाला?"

"मला काय ठावं, पन्नास वर्सांनी कोन ह्ये काचंत लावनार हाय!" आबाही चिडले. "घड्याळ चालतंय त्ये समद्यांला ऐकू येतंय, मंग कागूद कोन वाचतंय, असं वाटायचं मला."

हे खरंच असं वाटणारा माणूस. ज्याला ऐकू येईल त्याला कळेल. मला रडूच फुटायला आलं, आणि राग इतका की ते रडू राग म्हणूनच बाहेर आलं. मी म्हटलं, "चला घरी. झाली तेवढी शोभा पुरे."

आबा हलले नाहीत. ते शेफालीकडे वळले.

"बाय, ह्यो कागूद खरा धरलाय तुमी. का?"

"सही आहे ना त्यावर, आजोबा. समक्ष पाहणी केल्याची."

"मंग त्येच सहीचा दुसरा कागूद दिला तर धराल का खरा?"

शेफालीनं आधी काचेकडं बघितलं, मग आबांकडं. तिला आत्ता कुठं उलगडलं. ती आत गेली, कोरा कागद, पेन आणि स्वतःची खुर्ची घेऊन आली. "मी हा पुढं पाठवते. बदलतील की नाही, ते नाही सांगता येत, आजोबा. पण पाठवते."

आबा बसले. टोपी परत डोक्यावर घातली. आबांनी चौथीनंतर शाळा सोडली, पण कचेरीची भाषा हाताला बसलेली. ओठ हलवत, एकेक अक्षर काढत त्यांनी लिहिलं, "दाखला देण्यात येतो की, मनोऱ्यातील घड्याळ सन १९७७ ते २००४ पावेतो चालू होते. या काळात दिलेले बंदचे सत्तावीस दाखले खोटे आहेत."

"साहेबांनी लिहायला लावलं ते लिहा," मी मागून म्हटलं. "नाहीतर सगळं तुमच्यावरच येतं."

"सायेब गेलं, बारा वर्सं झाली. गेलेल्या मानसाचं नाव कशाला? सही त्यांची हाय का? माजी हाय." आणि पुढं लिहिलं, "ते मी माझ्या मर्जीने दिले."

शेफाली काळजीनं म्हणाली, "आजोबा, यातनं तुमच्यावर काही बालंट तर नाही ना येणार?"

"आता काय करत्यात? कामावरनं काडत्यात का काय!"

मघाचे ते जिन्यातले चौघं खाली येऊन उभे होते. या वेळी कुणी हसत नव्हतं. एकानं तर कानातली बोंडं काढून हातात घेतली होती.

"खाली नाव, गाव आणि हुद्दा लिहा," शेफाली म्हणाली.

नाव लिहिलं. गाव पासली. हुद्द्यापाशी पेन थांबलं. मी वाकून म्हटलं, "आबा, घड्याळवाले लिहा. सगळं भोर तुम्हाला तेच म्हणायचं. लिहा की."

आबांनी नाही म्हणून मान हलवली.

"ती जागा कंदी मंजूरच झाली न्हवती, सगुणे. आता आनि खोटं नगं."

त्यांनी सावकाश 'पंपचालक' असं लिहिलं, आणि खाली सही केली.