रंभाने मला पाण्यात सोडलं

मी हैबतरावांचा कॅमेरा. सध्या पेणमध्ये कमळाकरांच्या दुरुस्तीच्या टेबलावर उघडा पडलोय. माझ्या पोटात मीठ आहे. ते कसं गेलं, ते हैबतराव सांगत नाहीत, मी सांगतो.

हैबतराव रोह्याचे, कंपनीत सुपरवायझर. सुट्टी आली की मला गळ्यात अडकवून धरमतरच्या खाडीवर यायचे. पाणपक्ष्यांचं त्यांना वेड. मलाही होतं. मासळीसाठी पाण्यावर झेपावणारा सुरय पक्षी भिंगात पकडला की माझं जन्माला येणं सार्थ व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात मिठागराच्या बांधावर सुरयांच्या एका जोडीने दोन पिलं काढली. उघड्या जमिनीवरचं घरटं ते! तिथे काम करणाऱ्या रंभाने भोवती बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. "कुत्री लय फिरतात, साहेब. काट्यांना हात लावू नका," ती म्हणाली होती. ती स्वतः दिवसातून दहादा येऊन बघायची.

काट्या फोटोत आड येत होत्या. रंभा जेवायला गेली आणि हैबतरावांनी त्या उचलून फेकल्या. चोचीत मासळी घेऊन नर उतरला, पिलांनी तोंडं वासली आणि मी टिपलं. फोटो झाल्यावर काट्या परत रचायला कितीसा वेळ लागला असता? पण उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून ते तसेच निघाले.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. पिलं त्याच दुपारी कुत्र्यांनी खाल्ली होती. रंभाने विचारलं तेव्हा हैबतराव म्हणाले, "मी आलो तेव्हा काट्या नव्हत्याच." मी त्यांच्या छातीवर लटकत ऐकत होतो. त्या दिवसापासून त्यांचं बोट लागलं की मला किळस यायची.

यंदा ते पुन्हा आले. रंभाने हसून वाट दाखवली. "पक्षी पलीकडं बसलेत. या अंगानं जावा, जमीन घट्ट हाय."

बांधालगतच वीस पावलांवर हैबतराव मांडीपर्यंत चिखलात रुतले. भरती लागली होती.

"रंभाबाई, फळी टाका!"

रंभा फळी घेऊन बांधावर बसली. "काट्या कोनी काढल्या?"

"मला काय ठाऊक?"

पाणी कमरेला आलं. ती हलली नाही. छातीला लागलं तेव्हा मला डोक्यावर धरून हैबतराव रडत ओरडले, "मी काढल्या! माझ्यामुळं मेली पिलं!"

तिने फळी सरकवली. हैबतरावांनी आधी मला पुढे केलं. "कॅमेरा धरा, भिजेल!"

रंभाने मला दोन्ही हातांनी अलगद घेतलं, त्यांच्याकडे बघितलं आणि बांधाच्या दुसऱ्या अंगाच्या खाऱ्या पाण्यात सोडून दिलं. मग त्यांना हात देऊन वर ओढलं.

मी बुडत होतो आणि वर हैबतरावांची किंकाळी ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला आयुष्यात काही वाटलं नव्हतं.

आता ते कमळाकरांना सांगतात, "पाय घसरला हो! काय वाटेल ते करा, पण हा चालू करा."

कमळाकर ब्रशने मीठ झाडतायत. हात मायेचा आहे त्यांचा. पण कमळाकर, एवढं ऐका. झाडू नका. हे मीठ आत राहू द्या, त्याला मला पुरतं खाऊन टाकू द्या. मला पुन्हा त्या माणसाचा डोळा व्हायचं नाही.